मखरातली एलईडी पट्टी लुकलुकतेय? आधी ॲडॅप्टर बघा

धार/देवास : पवारांच्या काळापासून धार-देवासमध्ये रुजलेल्या मराठी घरांत गणपतीच्या मखराला आता एलईडी पट्टी लागतेच. पण वर्षभर माळ्यावर पडलेली पट्टी ऐनवेळी दगा देते. लगेच नवी आणायची घाई नको. अनेकदा दोष पट्टीचा नसतो, ॲडॅप्टरचा किंवा जोडाचा असतो.

पट्टी लुकलुकते, ॲडॅप्टर तापतो : 12 व्होल्टच्या पट्टीवर मीटरला 14.4 वॅट लिहिले असेल, तर 5 मीटरला 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर लागतात. 2 अँपिअरचा ॲडॅप्टर 24 वॅटच देतो. 12 व्होल्टचाच, पण 7-8 अँपिअरचा घ्या.

शेवटचे टोक मंद : लांबीमुळे व्होल्टेज कमी होते. त्याच ॲडॅप्टरची वायर दुसऱ्या टोकालाही द्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस.

मधलेच तीन दिवे बंद : 12 व्होल्टच्या पट्टीत साधारण तीन-तीन दिव्यांचा गट असतो. एक गेला की तिन्ही जातात. कापायच्या खुणेवरच तेवढा तुकडा काढून जोड द्या.

पट्टी निखळते : जागा पुसून, पूर्ण कोरडी करूनच चिकटवा.

हे विसरू नका : थेट 230 व्होल्टवर चालणारी पट्टीही बाजारात मिळते. तिचे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या. गुंडाळलेली पट्टी लावून ठेवू नका. ॲडॅप्टर थर्माकोल आणि पडद्यांपासून लांब ठेवा. जळका वास आला, तर आधी बटण बंद, तपास नंतर.