दुखण्याचं इंग्रजी

काही वर्षांपूर्वी माझी मावशी मुलाकडे इंग्लंडला गेली होती. एके सकाळी तिच्या उजव्या कुशीत, बरगड्यांच्या जरा खाली, आग व्हायला लागली. वरून काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरांसमोर मावसभाऊ दुभाष्या. मावशी म्हणाली, "आग आग होतेय रे, मधूनच तिडीक मारते, आणि पदर नुसता लागला तरी हुळहुळतं." भावाने याचं इंग्रजी केलं ते असं: 'शी हॅज सिव्हिअर पेन.'

डॉक्टरीणबाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, बर्निंग की एकिंग? भाऊ वीस वर्षं इंग्रजीत नोकरी करणारा, पण शरीराबद्दल बोलायची वेळ त्या भाषेत त्याच्यावर कधी आलीच नव्हती. चाचपडत त्याने 'बर्निंग' म्हटलं, तिडिकीला 'शूटिंग' सापडला. हुळहुळण्याला काही सापडेना, तेव्हा कपडा लागला तरी दुखतं असं सांगून टाकलं. बाईंनी तिथल्या तिथे नागिणीची शंका बोलून दाखवली. दोन दिवसांनी पुरळ उठलं.

तेव्हापासून मला या शब्दांचा नाद लागला.

इंग्रजीत दुखण्याला शब्दच नाहीत, अशी तक्रार खुद्द व्हर्जिनिया वुल्फने 1926 साली केली होती. आजारपणावरच्या निबंधात तिचं म्हणणं असं, की प्रेमाबिमाबद्दल बोलायला इंग्रजीचं भांडार उघडं असतं, पण डॉक्टरला नुसती डोकेदुखी समजावायची म्हटली तरी भाषा आटते. बाई जन्मभर डोकेदुखीने हैराण असल्यामुळे तिचं ऐकायला हवं. पण पुढे एका माणसाने हे शब्द मोजले, आणि ते शंभराहून जास्त भरले.

तो माणूस रोनाल्ड मेलझॅक, मूळचा मॉन्ट्रियलचा मानसशास्त्रज्ञ. मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन तो 1950च्या दशकात अमेरिकेत ऑरेगनला गेला. तिथल्या वेदनांच्या दवाखान्यात त्याला सत्तरीच्या पुढची एक बाई भेटली. मधुमेहाने तिचा पाय कापावा लागला होता, आणि नसलेला तो पाय तिला दुखत होता. त्या दुखण्याचं ती इतक्या तऱ्हांनी वर्णन करायची, की मेलझॅक तिचे शब्द टिपून ठेवायला लागला. पुढे इतर रुग्णांचेही टिपले. पॅट्रिक वॉलबरोबर 1965 साली मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतासाठी त्याचं नाव जगभर झालं. मज्जारज्जूत वेदनेचं एक फाटक असतं आणि ते कमीजास्त उघडतं, असा तो सिद्धांत. मला मात्र त्याची ही शब्दांची वही जास्त मोलाची वाटते.

वॉरन टॉर्गर्सन या संख्याशास्त्राच्या जाणकाराला हाताशी धरून त्याने 1971 मध्ये 102 शब्दांची वर्गवारी प्रसिद्ध केली. कुठला शब्द किती तीव्र, हे डॉक्टर, विद्यार्थी आणि रुग्ण यांच्याकडून ठरवून घेतलं होतं. त्यातून 1975 साली 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' तयार झालं. शब्द 78, गट 20. रुग्णाने प्रत्येक गटातून फार तर एक शब्द निवडायचा, आणि एखादा गट लागू नसला तर तो सोडून द्यायचा. सातव्या गटात चारच शब्द आहेत: हॉट, बर्निंग, स्कॉल्डिंग, सिअरिंग. गरम, मग जळतं, मग उकळतं पाणी पडल्यासारखं, मग तापल्या लोखंडाचा डाग दिल्यासारखं. एकेक पायरी चढत जायचं. पहिले दहा गट अंगाला काय जाणवतं त्याचे, पुढचे पाच मनाचं काय होतं त्याचे. चौदाव्या गटात 'पनिशिंग'पासून 'क्रुएल', 'व्हिशस' करत 'किलिंग'पर्यंत मजल जाते. दुखणं म्हणजे जणू हात धुऊन मागे लागलेला कुणी दुष्ट माणूस.

ही यादी दोन-चारदा वाचली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. हे शब्द कमी, हत्यारांचं कोठार जास्त. 'स्टॅबिंग'मध्ये सुरा आहे, 'शूटिंग'मध्ये बंदूक, 'ड्रिलिंग' आणि 'बोअरिंग'मध्ये गिरमिट, 'क्रशिंग'मध्ये वरवंटा, 'पिंचिंग'मध्ये चिमटा. जो वार झालेलाच नाही त्याची ही वर्णनं. अमेरिकेतल्या इलेन स्कॅरी या अभ्यासक बाईंनी 1985च्या 'द बॉडी इन पेन' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलंय: वेदना सांगायला बसलं, की माणूस हत्याराचा किंवा जखमेचा आधार घेतो.

आता मराठी बघा. ठुसठुस, चुरचुर, झणझण, ठणठण, सळसळ, जळजळ, कणकण. हत्यार नाही, नाद आहे. टोचतं, खुपतं, बोचतं, सलतं हेही आपल्याकडे आहेच, पण सुरा भोसकणारा कुणी बाहेरचा त्यात नसतो. काटा आतच असतो आणि तो सलतो. 'ठुसठुस' नुसतं म्हणून बघा, पिकलेल्या गळवाची लय तोंडात येते. इंग्रजीत 'थ्रॉबिंग' तेच सांगतो, पण एकदाच म्हणून मोकळा होतो. या बाबतीत आपली भाषा जपानीला जवळची: तिथे ठणक्याला 'झुकीझुकी' म्हणतात, टोचण्याला 'चिकुचिकु' आणि घण घातल्यासारखं डोकं दुखलं तर 'गानगान'. मॅकगिलच्या यादीची इटालियन, फिनिश, जर्मन रूपं झाली आहेत. पण समोर कोश घेऊन शब्दाला शब्द ठेवून असली यादी उतरत नाही. त्या-त्या भाषेतल्या दुखणाऱ्या माणसांकडून ती नव्याने गोळा करावी लागते.

इंग्रजीचा साधा, घरगुती व्यवहारही सरळ नाही. हेडएक, टूथएक, बॅकएक, स्टमकएक, इअरएक चालतं. गुडघ्याला मात्र 'एक' लावत नाहीत, पावलालाही नाही. का, याला उत्तर नाही. घसा दुखला तर तो 'सोअर'. आपल्याकडे दुखी कुणालाही जोडा, कंबरदुखी, गुडघेदुखी, टाचदुखी, कुणी अडवत नाही. आपण 'माय लेग इज पेनिंग' म्हणतो तेव्हा इंग्रज माणूस मनातल्या मनात हसतो, कारण त्याच्या लेखी पाय 'हर्ट' होतो. पण ते वाक्य 'पाय दुखतोय' याला इतकं चपखल बसतं, की मला ते सुधारावंसंच वाटत नाही.

या 'एक'चं एक प्रकरणच आहे. पूर्वी क्रियापदाचा उच्चार 'एक' होता, स्पेलिंगही तसंच, आणि नामाचा 'एच'. शेक्सपिअरने 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये इंग्रजी आठवं अक्षर आणि दुखणं यांच्यावर कोटी केली आहे, ती या उच्चारामुळेच जमते. 1755 साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी कोशात हा शब्द ग्रीक 'अखोस'वरून आला असं ठरवून दोघांना एकच स्पेलिंग देऊन टाकलं. व्युत्पत्ती चुकीची होती, शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला होता. स्पेलिंग तेच राहिलं आणि शाळकरी पोरं अजून घोकतात.

'पेन' आला लॅटिन 'पोएना'वरून, म्हणजे दंड, शिक्षा. 'एक्सक्रुशिएटिंग'मध्ये क्रूस दडलाय. सगळ्यात गमतीचा 'स्मार्ट': मुळात अर्थ झोंबणं, चुरचुरणं. जर्मन 'श्मेर्त्स' त्याचाच भाऊबंद. झोंबणारा तो तिखट, तिखट तो चलाख, असं करत हा शब्द फोनपर्यंत पोचला. यादीच्या आठव्या गटात मात्र 'स्मार्टिंग' अजून जुन्या अर्थाने बसून आहे.

यादीत खोडही आहे. तिसऱ्या गटातला वरचा शब्द 'लॅन्सिनेटिंग'. हा शब्द डॉक्टरांच्या पुस्तकांतला. मोलमजुरी करणाऱ्या इंग्रजी माणसाने तो उभ्या आयुष्यात वापरलेला नसतो, त्याला अर्थ समजावून द्यावा लागतो. समजावून दिलेल्या शब्दात दुखणं कसं सांगणार? मेलझॅकने 1987 मध्ये 15 शब्दांची छोटी आवृत्ती काढली ती वेळ वाचवायला, पण तिच्यातून 'लॅन्सिनेटिंग' आपसूक गळला. तरीही यादी वाया गेली नाही. 1976 साली आठ वेगवेगळ्या दुखण्यांच्या रुग्णांनी निवडलेल्या शब्दांवरूनच कुणाचं दुखणं कुठलं, हे तीन-चतुर्थांशाहून जास्त वेळा बरोबर ओळखता आलं होतं. जळणं, झिणझिण्या, विजेचा झटका हे शब्द आले की डॉक्टर अजूनही आधी नसांकडे वळतात. हा विजेचा झटकाही बघा, वीज घरात येण्याआधी तो कुणाच्या तोंडी असणार? आपल्याकडेही सायटिकाची माणसं सरळ 'करंट मारतो' म्हणतात.

आणि कधी शब्द दिशाभूलही करतात. छातीत 'पेन' आहे का विचारलं तर हृदयविकाराचा रुग्ण बेधडक 'नाही' म्हणतो, कारण त्याला दुखत नसतं, दडपलेलं असतं. 1768 साली लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी या दुखण्याला 'अंजायना' हे नाव दिलं, ते गळा आवळण्याच्या लॅटिन शब्दावरून. बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हिन बोलण्याइतकेच रुग्णाच्या हाताकडे बघत. शब्द सापडेनासा झाला की माणूस मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवतो. या मुठीला डॉक्टर अजून लेव्हिनचं नाव देतात.

हल्ली दवाखान्यात इतकं ऐकायला वेळ नसतो. शून्य ते दहा आकडा सांगा, झालं. लहान मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे आहेत, ते अमेरिकेत वाँग आणि बेकर या दोघींनी 1980च्या दशकात तयार केले. आकडा नोंदवायला सोपा, पण 'सात'मध्ये आग आहे की ठणका हे कुणाला कळणार?

मावशीलाही शेवटी तो आकडा विचारला गेला होता. दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट दुखणं, असं भावाने समजावलं. मावशीने विचार केला. "दहा म्हणजे तुझ्या वेळच्या कळा," ती म्हणाली, "मग हे सात." भाऊ सांगायला वळला, तेवढ्यात तिने त्याची बाही ओढली. "सहाच सांग. परकी बाई आहे, उगीच घाबरेल."