पाहिलें तेंच लिहावें

माध्यमिक शाळेंत जीवशास्त्र शिकविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यांत शिक्षक फळ्यावर आकृति काढतात, विद्यार्थी ती वहींत उतरून घेतो, आणि तिच्याखालचीं 'निरीक्षण' व 'अनुमान' हीं सदरें पुस्तकावरून भरलीं जातात. दुसऱ्यांत विद्यार्थ्याच्या हातीं मूठभर बिया, एखादें पान किंवा पाण्याची बरणी दिली जाते, आणि जें दिसेल तें लिहावयास सांगितलें जातें. दोन्ही वह्या वरून सारख्याच दिसतात. पुष्कळदां त्यांना गुणहि सारखेच पडतात. परंतु पहिल्या वहींत विद्यार्थ्यानें न पाहिलेली गोष्ट 'पाहिली' म्हणून लिहिलेली असते. शास्त्राभ्यासाचा आरंभच अशा लहानशा असत्यानें व्हावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

बियांच्या उगवणीचेंच उदाहरण घ्यावें. वीस वाल रात्रभर भिजवून ओल्या फडक्यांत बांधून ठेवले, तर कांहीं दिवसांत बहुतेकांना मोड येतात. सर्वांना येतातच असें नाहीं. समजा, सतरा उगवले आणि तीन कुजले. अशा वेळीं विद्यार्थ्याला वीसच लिहिण्याचा मोह होतो. आपला प्रयोग चुकला असें त्याला वाटतें. वस्तुतः पुढील प्रश्न त्या तीन दाण्यांतच दडलेला आहे. ते किडलेले होते, जुने होते, कीं पाणी अधिक झालें? पाण्याविषयीं संशय असेल तर दुसरे वीस वाल पूर्ण बुडवून ठेवावे आणि तिसरे वीस कोरडे ठेवावे. बियाणें, जागा आणि दिवस तेच ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, हें तत्त्व कळलें म्हणजे प्रयोग म्हणजे काय तें कळलें.

प्रामाणिक नोंदीचें मोल किती असतें, हें व्हॅन हेल्मॉंट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगावरून दिसून येतें. त्यानें 200 पौंड वाळविलेली माती एका कुंडींत भरून तींत विलो जातीचें 5 पौंडांचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें त्याला केवळ पाणी घातलें. शेवटीं झाडाचें वजन सुमारें 169 पौंड भरलें. माती मात्र अवघी दोन औंस घटली होती. झाड निव्वळ पाण्यापासून बनलें, असें अनुमान त्यानें काढलें. तें चूक होतें, कारण हवेचा हिशेब त्यांत धरलेलाच नव्हता. परंतु 1648 सालीं प्रसिद्ध झालेले त्याचे आंकडे खरे होते, आणि झाड मातीवर पोसतें ही जुनी समजूत त्यांनींच ढिली केली. पुढें 1779 सालीं इंगेनहाउझ यानें सूर्यप्रकाशाचें कार्य दाखविलें, आणि 1804 सालीं द सोस्यूर यानें वाढलेल्या वजनांत हवेंतील कार्बन डायऑक्साइडचा आणि पाण्याचा वांटा सिद्ध केला. चुकलेलें अनुमान पुढच्या पिढीला सुधारतां येतें. खोटी नोंद कोणालाच सुधारतां येत नाहीं.

हीच गोष्ट वर्गांत एका पानावर पडताळून पाहतां येते. कुंडींतील रोप दोन दिवस अंधारांत ठेवावें, मग एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनीं काळा कागद लावून तें दिवसभर उन्हांत ठेवावें. पान खुडून उकळत्या पाण्यांत घालावें आणि नंतर स्पिरिटांत उकळून त्याचा हिरवा रंग काढावा. स्पिरिटाची नळी गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवावी. तिला प्रत्यक्ष ज्योत लावूं नये, आणि हें काम शिक्षकांच्या देखरेखीखालींच व्हावें. धुतलेल्या पानावर आयोडीनचे थेंब टाकले कीं उन्हांतला भाग निळसर काळा होतो. झांकलेला भाग तसा होत नाहीं.

जिवंत प्राणी पाळला म्हणजे पुस्तक आणि प्रत्यक्ष यांतील अंतर अधिकच ध्यानांत येतें. सज्जांतील लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या कोंवळ्या पानांवर फुलपांखरूं अंडीं घालतें. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि तिला डिवचलें तर डोक्यामागून उग्र वासाचें दुभंगलेलें शिंग बाहेर काढते. पुढें ती कोश करते. पुस्तकाप्रमाणें त्यांतून फुलपांखरूं निघावयास हवें. पण कधीं कधीं कोशाला बारीक छिद्र पडून त्यांतून इवले परोपजीवी कीटक बाहेर पडतात. ज्यानें चित्र आधींच काढून ठेविलें, त्याची येथें निराशा होते. ज्यानें रोज पाहिलें, त्याला अळ्या बेसुमार कां वाढत नाहींत याचें एक कारण सांपडतें.

असल्या निरीक्षणाचा घराशीं किती निकट संबंध आहे, हें डासांवरून दिसतें. पाण्यांत अळ्या दिसतांच बरणीच्या तोंडाला जाळी घट्ट बांधावी, आणि अळ्या व स्वल्पविरामासारखे दिसणारे कोश रोज मोजावे. कोश दिसूं लागल्यावर एक-दोन दिवसांतच, डास बाहेर पडण्यापूर्वीं, बरणींत उकळतें पाणी ओतावें. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उष्ण हवेंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळण्याचें कारण हेंच. मात्र त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यांतहि कित्येक महिने टिकतात; म्हणून भांडें केवळ उपडें न करतां घासावें लागतें.

वर्ग मोठा, तास थोडे आणि परीक्षा जवळ, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. परंतु वरील प्रयोगांस फारसा खर्च नाहीं; रोजच्या नोंदीला पांच मिनिटें पुरतात, आणि मुलांचे गट पाडल्यास मोठ्या वर्गांतहि तें साधतें. गुण मात्र अपेक्षित उत्तराला न देतां तारीखवार नोंदीला दिले पाहिजेत. उरलेली जबाबदारी घराची आहे. शहरांतील दुकानांत तयार 'प्रकल्प' विकत मिळतात, आणि मुलाचे गुण जातील या धास्तीनें आईबापहि ते आणून देतात. त्याऐवजीं खिडकींतली एक कुंडी आणि कुजलेल्या तीन वालांची खरी नोंद करण्याची मुभा त्यांनीं मुलाला द्यावी. हें मूल पुढें डॉक्टर होवो, कारकून होवो वा व्यापारी. पाहिलें तेंच लिहिण्याची संवय त्याला प्रत्येक ठिकाणीं उपयोगी पडेल.