न गळणारी गळती

बोट धक्क्याला बांधलेली असताना तिचं इंजिन सहसा कुरकुर करत नाही. वेसाव्याच्या खाडीत मिस्त्रीला बोलावून आणावं, तर स्टार्टर मारताच ते उठतं, आयडलवर तासभर बिनतक्रार चालतं, आणि नाखवा ओशाळून बघत राहतो. मग बोट बाहेर जाते, ट्रॉलचं जाळं पाण्यात पडतं, ओढ सुरू होते आणि अर्ध्या तासात इंजिनाचे फेरे पडायला लागतात. ड्रायव्हर रेस वाढवतो, पण इंजिन काही ऐकत नाही. रेस कमी केली की पुन्हा सुरळीत. आल्यावर तो मिस्त्रीला सांगतो, ‘डिझेल कमी पडतंय.’ बहुतेक वेळा हे निदान बरोबर असतं. प्रश्न एवढाच उरतो, की डिझेल कुठे अडतंय.

मुंबईत अंधेरीच्या पश्चिम टोकाला, मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापासून थोडं पुढे गेलं की वेसावे, म्हणजेच वर्सोवा, हे गाव लागतं. खाडीपलीकडे मढ, अलीकडे कोळीवाडा, आणि मध्ये ओहोटीला चिखलात बसणाऱ्या बोटी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथल्या शिडांच्या होड्यांवर हळूहळू इंजिनं चढली. त्यांच्याबरोबर इंजिनाचा कान असलेली माणसंही तयार झाली. काही घरच्या बोटीवर शिकली, काही ट्रकच्या गॅरेजातून इकडे आली. सहा सिलिंडरचं, ट्रकच्या इंजिनाच्या जातकुळीतलं, समुद्राच्या पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन हा त्यांचा रोजचा विषय. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्रही वर्सोव्यात आहे आणि तिथल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात नौकानयनाच्या जोडीने सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. पण कमी दाबाचा दोष शोधणं वर्गात अर्धंच शिकता येतं.

डिझेलच्या वाटेवर दोन दाब असतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. टाकीतून डिझेल ओढून, फिल्टरमधून ढकलून मुख्य पंपाच्या दारापर्यंत आणणारा दाब जुन्या पद्धतीच्या इंजिनांत साधारण एक ते दीड बार असतो. पुढे मुख्य पंपाचा प्लंजर तेच डिझेल दाबून नोझलला पाठवतो, आणि नोझल उघडायलाच दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भाराखाली तासाला वीसेक लिटर डिझेल पितं. मिनिटाला अठराशे फेरे धरून हिशेब केला, तर एका वेळी एका सिलिंडरमध्ये जातं ते जेमतेम एका थेंबाएवढं. तो थेंब मोजून, ठरल्या क्षणी, तासाला तीन लाखांहून जास्त वेळा पाठवणारा हा पंप आहे. प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यात अवघ्या काही मायक्रॉनची फट असते, आणि तिथे वंगणही डिझेलचंच.

रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये ऑग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा असा पंप नव्हता. इंधन सिलिंडरमध्ये फुंकायला दाबलेली हवा लागे, आणि त्या हवेसाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. बॉशने 1927 पासून हा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि डिझेल इंजिन ट्रकच्या, होडीच्या आवाक्यात आलं. भारतात 1951 साली बंगळुरात मायको निघाली. कंपनीचं नाव बदलून बॉश होऊनही बरीच वर्षं झाली, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी पंप अजून ‘मायकोचा’च आहे.

हा पंप इंजिनावरचा सर्वांत महागडा आणि नाजूक भाग, म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावरच जातो. पंप उतरवायचा, पंप-नोझलवाल्याकडे नेऊन कॅलिब्रेट करून आणायचा, टायमिंग जुळवून पुन्हा बसवायचा. दोन-तीन दिवसांचा धंदा बुडतो, बिल येतं, आणि जाळं ओढताना इंजिन पुन्हा पडतं. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत वाईट सवय हीच. दाब कमी असल्याची तक्रार दहा वेळा आली, तर बहुतेक वेळा दोष पंपाच्या अलीकडे, शे-दोनशे रुपयांच्या एखाद्या वस्तूत सापडतो. डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने, टाकीपासून निघून, एक-एक टप्पा तपासत पंपापर्यंत यायचं, ही शिस्त ज्याच्या अंगात आहे तो खरा मिस्त्री.

हत्याराला हात लावण्याआधी त्याचे प्रश्न होतात. रिकाम्या बोटीत पडतं की ओढीवर? निघाल्याबरोबर की तासाभराने? टाकी भरलेली असताना की उतरल्यावर? धूर कसला? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. इंजिनाला हवा कमी पडत असेल किंवा नोझल टपकत असेल, तर काळा धूर निघतो. डिझेलच कमी येत असेल, तर ताकद जाते पण धूर फारसा दिसत नाही, कारण जळायला आहेच थोडं. फेरे आपोआप वर-खाली होत असतील आणि मधूनच पांढरट धूर दिसत असेल, तर डिझेलबरोबर हवा येत असल्याचा संशय धरायचा. इंजिन निघाल्यावर तासाभराने बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघायचं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा चालू झालं, की समजावं, टाकीच्या श्वासनळीचं तोंड रंगाने, गंजाने नाहीतर कोणीतरी कोंबलेल्या चिंधीने बुजलंय. डिझेल बाहेर पडतंय, पण त्याच्या जागी हवा जात नाही. टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. या दुरुस्तीचा खर्च एका तारेच्या तुकड्याएवढा.

टाकीच्या तळाचं वेगळं प्रकरण आहे. डिझेलपेक्षा पाणी जड, ते खाली बसतं. समुद्रावर हवा दमट, रात्री टाकीचा पत्रा थंड होतो आणि आतल्या रिकाम्या जागेतली वाफ थेंब होऊन खाली उतरते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, त्या थरात जंतू वाढतात आणि काळसर, बुळबुळीत गाळ धरतो. खाडीत बोट स्थिर असते तोवर हा गाळ तळाशी गप्प असतो. बाहेर वारा सुटला, बोट डोलायला लागली की तो घुसळून वर येतो आणि फिल्टर चोंदतो. म्हणजे इंजिनाला डिझेल कमी पडतं ते नेमकं खवळलेल्या समुद्रात, जिथे इंजिन बंद पडणं परवडत नाही. टाकीत डिझेल थोडंच उरलं असेल, तर डुलण्यात ओढनळीचं तोंडच क्षणभर उघडं पडतं आणि घोटभर हवा आत येते.

राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत इंजिनं खोलली जातात, बोटी रंगवल्या जातात, जाळी विणली जातात, पण टाकीकडे कोणाचं लक्ष नसतं. अर्धी टाकी घेऊन पावसाळाभर उभी राहिलेली बोट नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिल्या फेरीला निघते आणि तळाचं पाणी, गंजाची पूड, गाळ सगळं एकदम फिल्टरकडे निघतं. बोट ओढून ठेवताना टाकी काठोकाठ भरावी, निदान निघण्याआधी तळाचा कॉक उघडून पाणी काढावं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोन महिने मिळकत नसताना मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावरून टाकी भरून ठेवायला पैसे कोण काढणार?

आता ओढीच्या बाजूची गळती, आणि या कामातला खरा कस इथे लागतो. फीडपंप टाकीतून डिझेल खेचत असतो, म्हणून टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. या भागात कुठे भेग असेल, क्लिप सैल असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. शहाळ्याच्या नळीला वर कुठे बारीक चीर असली की तोंडात पाण्याऐवजी हवाच जास्त येते, तसं. खाली थेंब पडत नाही, नळी कोरडी ठणठणीत दिसते, फडकं फिरवून काही हाती लागत नाही. पंपाच्या पुढे मात्र उलटं: तिथे गळती असेल तर डिझेल ओघळतं आणि पोरगासुद्धा दाखवतो, ‘इथनं गळतंय.’ म्हणून गळती शोधताना नुसतं ओलं काय ते बघत राहिलं, तर दोष हाताखालून निसटतो. रात्रभर बोट उभी राहिली आणि सकाळी इंजिन चालू करायला आधी बराच वेळ फीडपंपावरचा हातपंप मारावा लागला, तर तीही याच कोरड्या चिरेची खूण: तिच्यातून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरलेलं असतं.

या चिरेला पकडायची युक्ती जुनी आणि स्वस्त. फीडपंपाच्या आधी हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घालायची, इंजिन चालवायचं, रेस द्यायची आणि बॅटरीच्या उजेडात बघत राहायचं. नळीत डिझेल एकसंध, फिकट पिवळसर वाहत असेल, तर मागची बाजू ठीक. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक धावायला लागले, की मागे सरकायचं आणि एक-एक जोड तपासायचा. बऱ्याचदा चोर निघतो तो बॅन्जो बोल्टच्या खालचा तांब्याचा वायसर. तांबं मऊ असतं. एकदा आवळल्यावर ते बोल्टच्या आकाराला दबतं आणि कडक होतं, आणि तोच वायसर दुसऱ्यांदा वापरला तर केसाएवढी फट ठेवतो. लाल होईतो तापवून पाण्यात टाकला, की पुन्हा मऊ होतो, हे जुने मिस्त्री करतात. नवा टाकला तर पाच-दहा रुपये.

तरी शंका राहिली तर डबा लावायचा. टाकीची नळी काढून पाच लिटरच्या डब्यात नवीन नळी सोडायची आणि स्वच्छ डिझेलवर इंजिन ओढीवर घालून बघायचं. इंजिन खुललं, तर दोष टाकीत किंवा मधल्या नळीत. नाही खुललं, तर पुढे. या एका चाचणीने अर्धा मार्ग बाद होतो. वर्कशॉपमधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मला ती जास्त आवडते.

पुढे फीडपंप. त्यात एक छोटा पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन एकमार्गी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हखाली गंजाचा कण अडकला, की ढकललेलं डिझेल मागेच परततं. हातपंप मारताना मुठीला रेटा जाणवायला हवा. रेटा नसेल, तर हे व्हॉल्व्ह काढून बघायचे. मग फिल्टर. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवणारे आजही भेटतात. ही काटकसर शेवटी पंपाच्या बिलात वसूल होते. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचा घड्याळी गेज लावला, तर बोलायची गरज उरत नाही: आयडलला दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, आणि रेस दिली की पुढचा आकडा कोसळला, म्हणजे फिल्टर चोंदलाय. आयडलला तासाला लिटर-दोन लिटर डिझेल लागतं, तेवढं चोंदलेला फिल्टरही सोडतो. ओढीवर वीस मागितले की हात वर करतो. धक्क्यावर काही कळत नाही ते म्हणूनच.

आणि एक जागा हमखास विसरली जाते: पंपावरून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. पंपाच्या पोटातला दाब धरून ठेवायचं काम तो करतो. त्याची बारकी स्प्रिंग बसली, की आलेलं डिझेल परतीच्या वाटेने मोकळं निघून जातं. फीडपंप उत्तम, फिल्टर नवा, तरी दाब नाही. परतीची रबरी नळी क्षणभर चिमटीत धरली आणि गेज चढला, तर दोषी तोच. पंप उतरवायच्या आधी एवढं केलंच पाहिजे.

सगळं जुळवल्यावर हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फसफसता पांढरा फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेली धार, मग स्वच्छ धार. स्वच्छ धार दिसल्यावर पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट. जुन्या पंपाच्या इंजिनावर चालू असताना एकेक नट किंचित सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही तेही ओळखता येतं. मात्र हात आणि तोंड लांब ठेवून, कारण दोनशे बारची धार कातडीतून आत शिरते, वर दिसतो फक्त टाचणीचा ठिपका, आणि हाताचं बोट आतून सडायला लागतं. अशा वेळी मलमपट्टी करत न बसता तडक इस्पितळ गाठावं.

ही नट सैल करायची खोड कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं अशा इंजिनावर, चालत नाही. त्या इंजिनांत आयडललाच अडीचशे-तीनशे बार असतात, ओढीवर हजार-दीड हजाराच्या वर. जवळच्या ओशिवऱ्याच्या गॅरेजांत येणाऱ्या डिझेल मोटारी याच जातीच्या. स्कॅनर लावला की पडद्यावर पी-0087 उमटतं: रेलमधला दाब कमी. कुठे कमी झाला, का झाला, हे कोड सांगत नाही. टाकीतला पंप, फिल्टर, हाय-प्रेशर पंप, रेग्युलेटर, नाहीतर एखादा इंजेक्टर. एक इंजेक्टर आतून झिजून परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडायला लागला, तरी सगळ्या रेलचा दाब बसतो. म्हणून चारही इंजेक्टरच्या परतीला मोजनळ्या लावून कोणाचं डिझेल जास्त येतं ते बघतात. आणि त्याआधी, शहाणा असेल तर, इथलाही मेकॅनिक फिल्टरपाशी गेज लावतो आणि टाकीच्या बाजूने सुरुवात करतो.

बोटीवर मात्र निघण्याआधी ड्रायव्हरच्या पेटीत काय असावं, यावर वेसाव्यात फारसा वाद होत नाही: दोन कागदी फिल्टर, तांब्याच्या वायसरची पुडी, फीडपंपाचे सुटे व्हॉल्व्ह, हातभर पारदर्शक नळी, चार क्लिपा, आणि पाच लिटरचा बंद, कोरडा, स्वच्छ डबा. त्या डब्यात कोणी प्यायचं पाणी भरू नये, एवढं बोटीच्या म्होरक्याने, तांडेलाने, बघावं.