तळावरची रांग आणि अंदाजाचे गणित

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वर्गात काही मुले डोळे चोळत येतात. एकाला कारण विचारले. म्हणाला, "सर, अब्बांचा ट्रॅक्टर काल दुपारपासून कारखान्याच्या तळावर आहे. रात्री डबा मीच नेऊन दिला." सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात ही रांग घरोघरी माहीत आहे. तोडलेला ऊस जितका थांबेल तितका वाळतो. वजन घटते, उतारा घटतो आणि वाहतूकदाराची पुढची खेप बुडते.

रांगेचेही गणित आहे. १९०९ साली कोपनहेगनमध्ये एर्लांग यांनी टेलिफोनच्या गर्दीवरून त्याचा पाया घातला. १९६१ साली जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला : रांगेतली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. तासाला २० गाड्या येतात, तितक्याच रिकाम्या होतात आणि तळावर कायम १०० उभ्या असतात, तर प्रत्येकीला सरासरी पाच तास थांबावे लागते.

पण रांग इतकी वाढते का? पाऊस, मोडलेला ट्रेलर, न आलेली टोळी, सगळे धरून बिनचूक उत्तर काढणे अवघड. म्हणून त्याच वर्षी जॉन किंगमन यांनी अंदाजाचे सूत्र दिले. गर्दी जितकी जास्त, तितका हा अंदाज खरा ठरतो. गाडी रिकामी व्हायला सरासरी ३ मिनिटे लागतात आणि गाड्या कशाही येतात असे समजू. गव्हाणीच्या क्षमतेच्या ८० टक्के ऊस आला तर थांबणे सुमारे १२ मिनिटे, ९० टक्क्यांना २७, ९५ टक्क्यांना ५७. ९९ टक्क्यांना मात्र जवळजवळ पाच तास! ऊस थोडाच वाढला, रांग कितीतरी पटींनी वाढली.

सूत्राचा दुसरा भाग अनियमितपणाचा. तेवढाच ऊस ठरल्या वेळी, सारख्या अंतराने आला तर थांबणे निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे तोडीच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर तासही लिहिला, तर नवी यंत्रे न आणताही रांग आखडेल. आपल्या भागातल्या सभासदांनी वार्षिक सभेत ही मागणी जरूर करावी.

हे आम्ही वर्गात शिकवले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा सांगत आला, "सर, अब्बांच्या पुढे ६० गाड्या होत्या. तासाला २० सुटत होत्या. मी अम्मीला सांगितलं, तीन तासांनी नंबर लागेल, डबा नको, घरीच जेवतील." अब्बा इशाच्या आधी घरी पोचले होते.