गेममधलं विमान थेट अंतराळात जातं, मग खरं विमान का जात नाही?

शिरवळवरून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे पकडा आणि सरळ दक्षिणेला निघा. खंबाटकीचा घाट, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असं करत हा रस्ता कर्नाटकातल्या चित्रदुर्गला पोचतो. याच चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर इस्रोने २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत तीन वेळा एक पंखवालं यान उतरवलं. आत पायलट नव्हता. आकाशातून सुटलं, स्वतःच दिशा धरली आणि धावपट्टीवर येऊन थांबलं. यानाचं नाव पुष्पक.

आता दुसरं चित्र बघा. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाच्या गेममध्ये जगभरातले खेळाडू असंच विमान बनवतात. पण त्यांचं विमान धावपट्टीवरून उडतं, अंतराळात जातं, काम करून परत त्याच धावपट्टीवर उतरतं. इंधन भरा, पुन्हा उडवा.

पुष्पकला मात्र हेलिकॉप्टरने वर न्यावं लागलं. गेममध्ये जे जमतं ते इस्रोला, नासाला किंवा इतर कुणालाही आजवर का जमलं नाही? समजून घेऊया.

गेम नेमका काय आहे?

हा गेम मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने बनवला. कल्पना फेलिपे फलांघे या डेव्हलपरची. २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली.

यात तुम्ही एक अंतराळ संस्था चालवता. टाक्या, इंजिनं, पंख, चाकं असे सुटे भाग जोडून यान तयार करायचं आणि उडवायचं. गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध, उष्णता, इंधनाचं वजन हे सगळं गेम मोजतो. चुकलात की यान कोसळतं.

पुन्हा वापरायचा अट्टहास कशाला?

शिरवळ ज्या नीरा नदीच्या काठावर आहे, त्याच नीरेच्या खोऱ्यात पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेट मोटर्सची अजस्र पोलादी आवरणं बनतात. मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये 'विकास' इंजिनं तयार होतात. अतिशय काटेकोर आणि वेळखाऊ काम असतं हे. पण उड्डाणात मोठ्या बूस्टरचं काम साधारण दोन मिनिटांत संपतं. मग ते आवरण समुद्रात. विकास इंजिनही काही मिनिटं चालतं आणि तेही पुन्हा हाती लागत नाही.

म्हणजे पुण्याहून साताऱ्याला एकदा गेलं की एसटी दरीत ढकलून द्यायची आणि पुढच्या फेरीला नवी एसटी बांधायची, असा हा व्यवहार आहे.

गेमच्या 'करिअर' प्रकारात हे थेट पैशात कळतं. यान धावपट्टीवर परत आणलं तर सुट्या भागांची पूर्ण किंमत परत मिळते. जितकं लांब उतरवाल तितके पैसे कापले जातात. म्हणून खेळाडू विमानाच्या मागे लागतात.

पिवळा गोळा, निळा गोळा

विमान बांधताना गेम दोन खुणा दाखवतो. पिवळा गोळा म्हणजे वजनाचा मध्य. निळा गोळा म्हणजे पंखांमुळे मिळणाऱ्या उचलीचा मध्य. नियम साधा आहे: निळा गोळा पिवळ्याच्या थोडा मागे हवा. तो पुढे गेला की विमान हवेत उलटं फिरतं. फार मागे गेला की नाक वर उचलतच नाही.

ऊसाच्या हंगामात ट्रॉलीत मागच्या बाजूला जास्त ऊस भरला, तर ट्रॉलीचं पुढचं टोक वर उचललं जाऊ लागतं. तोच हा प्रकार. फक्त इथे ऊस वाटेत गायब होत जातो.

कारण उड्डाणात इंधन जळतं आणि पिवळा गोळा जागा सोडतो. टाक्या पुढे आणि जड इंजिनं मागे असतील, तर इंधन संपल्यावर सगळं वजन शेपटीकडे जातं. जाताना नीट उडालेलं विमान येताना भिंगरीसारखं फिरू लागतं. नवख्या खेळाडूंची बरीचशी विमानं जाताना नाही, तर येताना पडतात.

त्यामुळे अनुभवी खेळाडू हँगरमध्येच सगळ्या टाक्या रिकाम्या करून गोळे पुन्हा तपासतात. टाक्या मध्याच्या दोन्ही बाजूंना वाटतात. मागची मुख्य चाकं वजनाच्या मध्याच्या जरासं मागे ठेवतात, म्हणजे धावपट्टीवर नाक सहज उचलतं. थोडक्यात, एकाच आराखड्यात दोन विमानं बनवायची असतात: भरलेलं आणि रिकामं.

हवा फुकट आहे तोवर घ्या

खंबाटकी चढणारा ट्रक सोबत फक्त डिझेल नेतो. पण १ किलो डिझेल जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. ती वाटेत मिळते, म्हणून ट्रकला ती वाहावी लागत नाही. रॉकेट अंतराळात जातं, तिथे हवा नाही. म्हणून ते ऑक्सिजन देणारा पदार्थ, म्हणजे ऑक्सिडायझर, सोबत नेतं. गेममधल्या रॉकेटच्या टाकीत ९ भाग इंधन आणि ११ भाग ऑक्सिडायझर असतो. निम्म्याहून जास्त ओझं त्याचंच.

इथेच विमानाची युक्ती आहे. खाली हवा आहे तोवर जेट इंजिन वापरा, वर गेल्यावर रॉकेट लावा. गेममधलं 'रॅपियर' इंजिन दोन्ही कामं करतं. साधारण २० ते २५ किलोमीटर उंचीपर्यंत ते हवा ओढतं आणि हवा विरळ झाली की रॉकेट बनतं. तोवर विमानाने सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेग गाठलेला असतो.

गेम सवलत कुठे देतो?

अंतराळात टिकायला नुसती उंची पुरत नाही, आडवा वेग लागतो. हा वेग नसेल तर वर गेलेलं यान दगडासारखं खाली येतं.

गेममधला ग्रह 'कर्बिन' पृथ्वीपेक्षा फार छोटा आहे. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची सुमारे ६,३७१. त्यामुळे कर्बिनभोवती फिरत राहायला सेकंदाला साधारण २.३ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती सुमारे ७.८ लागतो. या वेगाने पुणे ते शिरवळ हे साधारण ५० किलोमीटर अंतर सहा-सात सेकंदांत संपेल.

आता हिशोब करा. दीड किलोमीटरचा वेग हवेच्या जोरावर मिळाला, तर गेममध्ये जवळपास दोन तृतीयांश वेग झाला. खऱ्या पृथ्वीवर तो जेमतेम पाचवा हिस्सा. त्यात ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गेममध्ये लागणाऱ्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास या टप्प्यात मिळाली, पृथ्वीवर ४ टक्क्यांच्याही आत.

उरलेलं काम रॉकेटनेच करायचं. आणि आता सोबत पंख, चाकं, हवा ओढणारी तोंडं असं ओझंही आहे. अंतराळात त्याचा काही उपयोग नाही, पण प्रत्येक किलो तिथवर न्यावाच लागतो. तेवढं सामान कमी जातं.

ब्रिटनच्या रिअॅक्शन इंजिन्स या कंपनीने रॅपियरसारखंच 'सेबर' इंजिन बनवायचा अनेक वर्षं प्रयत्न केला. ध्वनीच्या पाचपटीहून थोड्या जास्त वेगापर्यंत हवा आणि पुढे रॉकेट, अशी योजना होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशाअभावी कंपनीचं काम थांबलं. इस्रोनेही २८ ऑगस्ट २०१६ रोजी हवा ओढणाऱ्या स्क्रॅमजेट इंजिनाची चाचणी घेतली. ध्वनीच्या सहापट वेगात ते सुमारे ५ सेकंद चाललं. पहिलं पाऊल म्हणून हे मोठं यश होतं. पण तिथून कक्षेपर्यंतचं अंतर अजून मोठं आहे.

म्हणून पुष्पक अर्ध्या वाटेवरून सुरू होतो

इस्रोने कोडं दोन भागांत तोडलं. वर जायचं काम रॉकेटकडे, परत यायचं काम पंखांकडे. नासाच्या स्पेस शटलनेही हेच केलं होतं. १९८१ ते २०११ दरम्यान शटलची १३५ उड्डाणं झाली आणि प्रत्येक वेळी ते रॉकेटसारखं सरळ उभं उडालं.

२३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोचं पंखवालं यान एका घन इंधनाच्या बूस्टरवर बसून सुमारे ६५ किलोमीटर उंच गेलं. ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परतलं आणि बंगालच्या उपसागरात ठरलेल्या जागी उतरलं.

मग धावपट्टीची पाळी आली. २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ या तीन दिवशी हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून ५०० मीटर बाजूला आणि जोराच्या वाऱ्यात. यानाने स्वतःच रेषा पकडली आणि ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगाने चाकं टेकवली. प्रवासी विमान साधारण २६० च्या वेगाने उतरतं.

सगळ्यात महत्त्वाचं: तिसऱ्या चाचणीत दुसऱ्या चाचणीचाच पंखांचा सांगाडा आणि यंत्रणा काही बदल न करता वापरल्या होत्या. 'पुन्हा वापर' हा शब्द इथे खरा झाला. पुढचं उद्दिष्ट आहे रॉकेटवरून कक्षेत जाऊन परत येण्याचं.

पंख नसले तर?

तोही रस्ता आहे. स्पेसएक्सने डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा पहिला टप्पा उभा जमिनीवर उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. पंख नाहीत, पण उतरण्यासाठी थोडं इंधन राखून ठेवावं लागतं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या इस्रोच्या पुढच्या पिढीच्या रॉकेटचाही पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा असणार आहे.

परत येण्याची किंमत वजनात मोजावी लागते, मग ते पंख असोत की राखीव इंधन. फुकट काहीच नाही.

करून बघायचं असेल तर

गेमचा पहिला भाग घ्या. दुसरा २०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेत आला आणि तसाच राहिला. सुरुवात अंतराळापासून करू नका.

आधी साधं जेट विमान बनवा आणि ते धावपट्टीवर सुखरूप उतरवा. मग तेच विमान टाक्या जवळपास रिकाम्या ठेवून उडवा आणि पुन्हा उतरवा. दोन्ही वेळा जमलं की रॅपियर जोडा. १० किलोमीटरच्या आसपास नाक खाली घेऊन आधी वेग वाढवा, उंचीची घाई नको. परतताना वरच्या विरळ हवेतच नाक उंच धरून वेग मोडा, नाहीतर खाली दाट हवेत विमान तापून फुटेल.

आणि पहिल्यांदा कक्षेत पोचल्यावर एक आकडा नक्की बघा: विमानाचं एकूण वजन किती आणि त्यातलं वर पोचवलेलं सामान किती. छोट्याशा कर्बिनवरही तो आकडा लहानच दिसेल. पुष्पकला हेलिकॉप्टरने वर का न्यावं लागलं, ते त्या एका आकड्यात आहे.