धुराचा घाव हृदयावरही

गेल्या जानेवारीत राहुरी तालुक्यातील एका खेड्यातून साठीच्या एका बाईंना त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला. दोन दिवसांपासून दम लागत होता, रात्री आडवे पडवत नव्हते, पायांवर सूज होती. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. गोळ्या मात्र नियमित होत्या, पथ्यही होते. मग बिघडले कशाने? विचारपूस करता कळले, की ऊस तुटून गेल्यावर शेजारच्या शेतांत पाचट पेटवले होते आणि घरात चूल दोन्ही वेळ चालूच होती. बाईंना मी ताबडतोब नगरला पाठविले. तेथे पाच दिवस दाखल राहावे लागले. निघताना मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, धूर तर फुफ्फुसात जातो. त्याचा हृदयाशी काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. धुरात डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण असतात. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात व तेथे दाह निर्माण करतात. या दाहाचे परिणाम रक्तावाटे सर्व शरीरभर पसरतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू तर रक्तातील प्राणवायूची जागाच अडवून बसतो. निरोगी माणूस हा ताण सोसतो. आधीच दुबळे झालेले हृदय सोसू शकत नाही.

हे परिणाम काही तासांत, एक-दोन दिवसांतही दिसतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे १ कोटी १५ लाख लोकांच्या रुग्णालयीन नोंदी तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतील सूक्ष्म कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, की त्याच दिवशी हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणारे रुग्ण सुमारे सव्वा टक्क्याने वाढतात, असे त्यात आढळले. सव्वा टक्का किरकोळ वाटेल. पण पाचटाच्या किंवा कोंदट स्वयंपाकघरातल्या धुरात ही वाढ दहाची नसते, शेकड्यांची असते. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली.

त्या बाईंना धुरानेच आजारी पाडले, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एका रुग्णाबाबत तसे सिद्ध करता येत नाही. पण ज्याचे हृदय काठावर आहे, त्याला ढकलायला एवढा धूर पुरतो.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम आणि थंडी एकत्र येतात. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही. धूर तिच्यात अडकून गावावर रेंगाळतो. म्हणून हृदयरोगी, रक्तदाबाचे व मधुमेहाचे रुग्ण असलेल्या घरांनी या दिवसांत विशेष काळजी घ्यावी.

पहाटेच्या धुरकट हवेत फिरायला जाऊ नये. ऊन वर आल्यावर जावे, तेही हमरस्त्याच्या कडेने नव्हे. घरात गॅस असेल तर स्वयंपाक गॅसवरच करावा. आंघोळीचे पाणी चुलीवर तापवायचेच असेल, तर चूल उघड्यावर मांडावी व रुग्णाला तिच्यापासून दूर ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर हे कण अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवितो. घरात विडी-सिगारेट नको. गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत.

छातीत दाबल्यासारखे होणे, घाम फुटणे, आडवे पडल्यावर दम लागणे, ही लक्षणे दिसल्यास 'पित्त असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आणि पाचट? ते जाळू नका, शेतातच कुजवा, असे आपले राहुरीचे कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगत आले आहे. जमिनीचा कस वाढतो, हा त्यातला फायदा. शेजारच्या घरातल्या म्हातारीचा श्वास मोकळा राहतो, हा दुसरा. त्या बाईंच्या मुलाने यंदा आपल्या शेतातले पाचट पेटविले नाही. शेजाऱ्यांनाही तो समजावतो आहे.