जर-तरचे इंग्रजी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,' असे म्हणून आपल्याकडे जर-तरच्या बोलण्याची थट्टा करतात. इंग्रजीच्या पेपरात मात्र हीच आत्याबाई आपली परीक्षा पाहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी माझ्या कानावरून गेलेले नव्हते; ते नियमानेच शिकावे लागले. शिकता शिकता एक गोष्ट ध्यानात आली, ती विद्यार्थीमित्रांपुढे ठेवतो. जर-तरच्या वाक्यातला इंग्रजी भूतकाळ पुष्कळदा काळ सांगतच नाही. बोलणारा ती गोष्ट वास्तवापासून किती दूर मानतो, हे तो सांगतो.

हे चमत्कारिक वाटेल, पण आपली मराठीही असेच करते. 'उद्या त्याने मदत मागितली तर मी करीन.' यात 'मागितली' हे रूप भूतकाळाचे, पण मागणे उद्याचे! शाळेत आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले. त्यांतला संकेतार्थ हाच आपला येथील विषय.

इंग्रजीत अशा वाक्यांची तीन दारे आहेत असे समजावे. पहिले दार उघडे आहे: 'इफ ही आस्क्स, आय विल हेल्प.' तो मागेल किंवा न मागेल, दोन्ही शक्य. गोष्ट उद्याची असली तरी 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ येतो. 'इफ ही विल आस्क' असे लिहायचे नाही. दुसरे दार लोटलेले आहे: 'इफ ही आस्क्ड, आय वुड हेल्प.' तो मागेल असे वाटत नाही. पण मागितलीच, तर करीन. तिसरे दार बंद आहे: 'इफ ही हॅड आस्क्ड, आय वुड हॅव हेल्प्ड.' त्याने मदत मागितली नाही, वेळ निघून गेली. उरली ती हळहळ.

आपली खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या दारापाशी होते. 'माझ्याजवळ पैसे असते तर मी घड्याळ घेतले असते.' हे वाक्य आजचे की गेल्या दिवाळीचे? मराठीत दोन्ही अर्थ होतात. संदर्भावरून ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत मात्र आधी ठरवावे लागते. आजचे असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ वॉच.' दिवाळीचे असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ वॉच.' येथे 'हॅड' दोनदा आले ते मुद्रणदोषाने नव्हे. पहिले साहाय्यक क्रियापद, दुसरे मुख्य. म्हणून भाषांतराला बसण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: अजून वेळ आहे, की गेली?

दुसरी अडचणही 'असते'नेच निर्माण केली आहे. मराठीत ते वाक्याच्या दोन्ही भागांत येते, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड' घालतो: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' हे चूक. 'वुड' परिणामाच्या भागात शोभते, 'इफ'च्या भागात 'हॅड' हवे. अपवाद विनंतीचा: 'इफ यू वुड वेट' म्हणजे आपण थांबण्याची कृपा कराल तर.

'इफ आय वेअर यू' मधील 'वेअर' पुष्कळांना खटकते. 'आय'बरोबर 'वॉज' हवे ना? पण मी तुम्ही नाही आणि होणारही नाही. ते अशक्यत्व 'वेअर' दाखविते. बोलताना इंग्रज लोकही येथे 'वॉज' म्हणतात. लेखनात 'वेअर' बरे. मात्र प्रत्येक 'इफ'पुढे ते चिकटवू नये. 'इफ आय वॉज रूड यस्टर्डे, आय ॲम सॉरी' यात काल खरोखरच उद्धटपणा झाला असेल, अशी कबुली आहे. तेथे 'वॉज'च योग्य.

'दे इन्सिस्ट दॅट ही इज प्रेझेंट' म्हणजे तो हजर आहे, असे ते ठासून सांगतात. 'दे इन्सिस्ट दॅट ही बी प्रेझेंट' म्हणजे त्याने हजर राहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. एका 'बी'ने केवढा फरक पडला! हा आपला विध्यर्थच. फाउलर यांनी १९२६ च्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये सब्जंक्टिव्ह हा प्रकार, काही ठराविक प्रयोग सोडले तर, मरणपंथाला लागल्याचे मत दिले होते. पण मागणी, सूचना, ठराव यांतील हे रूप अमेरिकेत टिकून राहिले आणि पुढे ब्रिटनमध्येही पुन्हा रूढ झाले. संस्थेच्या ठरावात 'दॅट द लोन बी सँक्शन्ड' असे असते, त्याचा अर्थ कर्ज मंजूर करण्यात यावे असा.

ही केवळ गुणांची गोष्ट नाही. घरात एकच कॉलेजात जाणारा असला की गल्लीतली इंग्रजी पत्रे वाचायला त्याच्याकडेच येतात. कर्जाच्या नोटिशीत 'शुड यू फेल टू पे' असे असते. येथे 'शुड' म्हणजे 'पाहिजे' नव्हे. 'इफ' गाळून 'शुड' पुढे आले आहे. अर्थ एवढाच, की आपण हप्ता भरण्यात चुकलात तर. पुढचा मजकूर जप्तीचा असला, तरी जप्ती झालेली नसते. दार अद्याप उघडे असते. 'हॅड यू पेड' असे असेल तर मात्र ते बंद झाले. हा भेद न कळता पत्र वाचून दाखविले, तर एखादे घर उगाच रात्रभर जागे राहील, किंवा भरायचा हप्ता भरायचा राहून जाईल.

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्यांना हे सारे कानाने येते. आपल्याला व्याकरणाच्या वाटेने जावे लागते. ती वाट लांबची खरी, पण तिच्या उंबरठ्यावर आपलीच मराठी दिवा घेऊन उभी आहे. इंग्रजीचे पुस्तक उघडण्याआधी मराठी व्याकरणातील संकेतार्थाचे पान एकदा अवश्य वाचावे.